आप्पा मगदूम आणि फरशीवरची अक्षरं

आप्पा मगदूमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका मंगल कार्यालयात, भर लग्नात, पालथे पडलेले होते. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या, माणसं जेवणाच्या हॉलकडे सरकत होती, आणि पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेला, साठी ओलांडलेला एक माणूस हॉलच्या मधोमध गाल जमिनीला लावून निपचित पडला होता. बायका ओरडल्या. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं फिट आली. एकजण आचाऱ्याकडून फोडलेला कांदा घेऊन धावत आला. दुसऱ्यानं पायातली चप्पल काढून नाकाजवळ नेली. त्यासरशी त्या माणसानं एक डोळा उघडला.

"पावणं, चप्पल लांब घ्या. चरा पडंल."

मग ते सावकाश उठले, गुडघे झटकले, आणि घाबरून आलेल्या नवरदेवाच्या चुलत्याला म्हणाले, "तीन कोट मारल्यात ह्यांनी. दोनात भागत हुतं. अक्षरं बुजवली की ओ सगळी!"

एवढं बोलून ते जेवायला गेले. आम्ही सगळे खाली बघत राहिलो. काळसर दगडी लाद्यांसारखी दिसणारी चकचकीत फरशी होती. अक्षर एकही नव्हतं.

पुढं महिन्याभरात हेच गृहस्थ आमच्या कॉलनीत, आमच्यापासून पाच घरं सोडून, स्वतः बांधलेल्या घरात राहायला आले. मूळचे गडहिंग्लजकडचे. धंदा नक्षीच्या काँक्रीटचा. म्हणजे जमिनीवर काँक्रीट ओतायचं, ते ओलं असताना त्यावर साचे दाबायचे आणि दगडाची, विटांची, लाकडाच्या फळ्यांची नक्षी उमटवायची. वाळलं की त्यावर सीलर नावाचं पातळ औषध मारायचं, म्हणजे पाणी, तेल, डाग आत मुरत नाहीत आणि रंग टिकतो. कागलच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांची अंगणं, हायवेवरची हॉटेलं, बागायतदारांची फार्म हाऊसं असली पुष्कळ कामं त्यांनी केलेली. पण कुणी "फरशी घालणारे आप्पा" म्हणालं की त्यांना ते खपत नसे.

"घालणारी रग्गड हायत," ते म्हणायचे. "मी राखणारा."

आणि राखायचे म्हणजे काय, तर सगळ्या जगाची फरशी राखायचे. त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, गोल तुकडे असत. कुणाच्याही घरी गेले की बोलता बोलता खुर्ची उलटी करायची आणि चारी पायांना ते तुकडे चिकटवायचे. आमच्या कॉलनीतल्या एका घरी म्हातारे आजोबा वारले, तेव्हा आप्पा भेटायला गेले. तासभर डोकं खाली घालून बसले. घरच्यांना वाटलं, केवढं दुःख झालंय माणसाला. ते उठून गेल्यावर लक्षात आलं की प्लॅस्टिकच्या अकरा खुर्च्यांपैकी सात खुर्च्यांचे पाय मऊ झालेत.

डाव्या खिशात डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली. तिच्यात साधं पाणी. नवी फरशी दिसली की आप्पा वाकून एक थेंब सोडत आणि त्याच्याकडे बघत बसत. थेंब मोत्यासारखा वर बसला तर फरशी राखलेली. हळूहळू पसरून काळा डाग पडला तर फरशी उघडी. एकदा बँकेत त्यांनी असा थेंब टाकला. शिपायाला वाटलं म्हातारा थुंकला. मोठी बाचाबाची झाली. शेवटी मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, तर आप्पांनी त्यांनाच खाली बसवून थेंब दाखवला. "बघा सायेब, पितीया. तहानल्याली हाय बिचारी."

मिसळ खायला गेले तरी डोळा लोकांच्या लिंबाच्या फोडीवर. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "पावणं, लिंबू जपून पिळा. खाली पडलं की काँक्रीट खातंय ते." माणसं लिंबू ठेवून द्यायची. आवाजच तसा होता. कुस्तीच्या मैदानात पुकारा करणाऱ्याला शोभावा असा.

एवढा फरशीवेडा माणूस, तर त्याच्या स्वतःच्या घरातली फरशी कशी असेल, याचं साऱ्या कॉलनीला कुतूहल. आणि नेमकं तेच कुणाला पाहायला मिळत नव्हतं. आप्पा कुणालाच घरात घेत नसत. फाटकाबाहेर एक सिमेंटचा कट्टा होता. आमदाराचा माणूस येवो नाहीतर गॅसवाला, बैठक कट्ट्यावर. पाण्याचा तांब्या तिथेच, चहा तिथेच. आतून बांगड्यांचा आवाज यायचा, कधी बाईमाणसाचा एखादा शब्द. त्यांच्या पत्नी, शालनकाकू, बाहेर पडत नसत. विचारलं तर आप्पा म्हणत, "तिला न्हाय आवडत बाहीर." तेवढंच.

माझे यजमान श्रीकांत म्हणायचे, "आत आरसा घातला असणार त्यांनी. माणसांचे पाय लागू नयेत म्हणून जपतात. बायकोलाही भिंतीच्या कडेनं चालवत असतील." आम्ही हसायचो. मी पुष्कळ हसले आहे, हे आज कबूल करते.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आप्पा मला "बाई" म्हणत. आमच्या हॉलची आणि व्हरांड्याची फरशी जुनी झाली होती, ठिकठिकाणी उखडली होती. त्यातच आमच्या केतकीचं लग्न जमलं. साखरपुडा घरीच करायचा ठरला. त्याआधी फरशी करून घ्यायची, आणि ती कशी, तर मी हायवेवरच्या एका हॉटेलात पाहिली होती तशी. काळा दगड वाटावा अशी, आणि खाली बघितलं तर आपलं तोंड दिसावं इतकी चमकणारी. घरात दुसरे कुठले लाड करून घेतले नव्हते मी. एवढं एक मनात होतं.

आप्पा माप घ्यायला आले. टेप काढला नाही. दारात उभं राहून पहिला प्रश्न केला, "घरात म्हातारं कोण हाय?"

आतल्या खोलीतून सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. वय एक्क्याऐंशी, माहेर कुरुंदवाड, कान तिखट. "म्हातारं कुणाला म्हणतोस रं?"

आप्पांनी टोपी काढली. "आवा, तुमास्नी न्हवं. घराला म्हणलं."

"कुठलं मगदूम तू?"

"गडहिंग्लजकडचं, आवा."

"मग बस. उभा का?"

आप्पा बसले, आणि त्यांनी सासूबाईंना असले काही प्रश्न विचारले की मला घाम फुटला. न्हाणीघरातून येताना पाय पुसता का? पाय उचलून टाकता की फरपटत? उजवा आधी की डावा? मग म्हणाले, "आवा, जरा चालून दावता का?" आणि गंमत म्हणजे घरात कुणाचं न ऐकणाऱ्या आमच्या सासूबाई पदर खोचून, नवरी दाखवायला आणल्यासारख्या, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. आप्पा जमिनीवर बसून त्यांची पावलं बघत होते. वहीत त्यांनी काहीतरी लिहिलंही.

मग मला म्हणाले, "चमक न्हाय द्यायची बाई. मॅट करू. हाताला जरा खरखरीत लागंल."

मी म्हटलं, "आप्पा, मला चमकच हवी आहे. त्यासाठी तर एवढं करतोय."

"निसारती."

"आम्ही पुसून घेऊ."

"पुसल्यावर तर जास्तीच निसारती."

शब्दाला शब्द लागला. वर्गात उत्तर चुकलेल्या पोरानं हट्ट करावा तसे ते ऐकेनात, आणि मी त्यांच्याशी शाळेतल्या आवाजात बोलायला लागले. शेवटी मी म्हणाले, "आप्पा, फरशी माझी आहे."

त्यांनी वही मिटली. "फरशी तुमची हाय बाई. पाय त्यांचं हायत."

नक्षीचं काम त्यांनी करून दिलं. दोन कामगार बायकांना घेऊन स्वतः गुडघ्यांवर बसून साचे दाबले. काम देखणं झालं, त्यात वाद नाही. पण सील करायला त्यांनी नकार दिला. "हिच्या अंगात अजून पाणी हाय. महिना जाऊ द्या. मग मॅट पायजे तर मला हाळी द्या. चमक पायजे तर दुसऱ्याला." जाताना त्यांनी फरशीवर प्लॅस्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी पट्टी लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी येऊन तो मला दाखवला. आतल्या बाजूनं बारीक थेंब धरले होते. "घाम बघितलासा? ह्याच्यावर कोट मारला तर हे जाणार कुठनं?"

महिना म्हणजे साखरपुडा होऊन गेला असता. मी दुसऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं प्लॅस्टिकबिस्टिक काही लावलं नाही. दोन दिवसांत जाड कोट मारून त्यानं खरोखरच आरसा करून दिला. केतकीनं फोटो काढले. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. मी व्हरांड्यात उभी राहून खाली बघितलं, तर माझं तोंड मला दिसलं. आप्पा रस्त्यानं जाताना दिसले, पण त्यांनी आमच्या घराकडे मान वळवली नाही.

चौथ्या दिवशी दाराजवळ पांढुरका ढग दिसला. दूध सांडून वाळावं तसा. पुसला, जाईना. दुपारपर्यंत तसे पाच-सहा झाले. साखरपुडा दुसऱ्या दिवशी. मी फडकं घेऊन वेड्यासारखी घासत बसले होते.

तेवढ्यात सासूबाई अंघोळ करून बाहेर आल्या. पाय ओले होते. मी ओरडेपर्यंत त्या घसरल्या. सोफ्याचा हात त्यांच्या हाताला लागला म्हणून निभावलं. मनगट मुरगळलं, बाकी काही मोडलं नाही. पण त्या उठेनात. फरशीवर बसूनच राहिल्या. रडल्या नाहीत, मला बोलल्या नाहीत. भोवतालच्या त्या चकचकाटाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मला पाय ठिवायला जागा ऱ्हायली न्हाय गं ह्या घरात."

चाळीस वर्षं त्या घरात वावरलेली बाई. मी तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, आणि तीही शेजारणींनी वाखाणावी म्हणून.

मी तशीच आप्पांच्या कट्ट्यावर गेले. ते चहा पीत होते. आता दोन शब्द ऐकून घ्यायचे, अशी मनाची तयारी केली होती. मी सांगितलं, "आप्पा, आई घसरल्या."

त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला.

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या. सोफा धरला त्यांनी."

"कंबर हालतीया न्हवं? पाय उचलत्यात न्हवं?"

"हो. हातच मुरगळलाय फक्त."

त्यांनी डोळे मिटले. मग चप्पलही न घालता माझ्या पुढे चालायला लागले. आमच्या घरी आल्यावर फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आवा, चूक माझी हाय. मी काम अर्धं सोडून जायला नगं हुतं." मी दारात उभी होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

साखरपुडा अंगणात मांडव घालून झाला. हॉलभर जमखाना अंथरला आणि दारात आप्पा उभे. व्याही मंडळींपैकी कुणी आत डोकावलं की हात आडवा करून सांगायचे, "पावणं, आत ओलं हाय." ओलं काही नव्हतं. केतकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, "हे तुमच्याकडचे कोण?" मी म्हटलं, "घरचेच."

नंतरचे आठ दिवस आप्पा आणि त्या दोघी बायका आमच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर होते. आधी औषध लावायचं, कोट मऊ पडला की पात्यानं खरवडायचा, ब्रशनं नक्षीच्या खाचा मोकळ्या करायच्या. जुन्या दुधावरच्या सायीसारखा तो चिकट थर निघत होता. एकदा मी चहा घेऊन गेले आणि म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं. चमकेच्या नादी लागले."

ते हात न थांबवता म्हणाले, "चमक कुणाला आवडत न्हाय बाई? मलाबी लई आवडायची." आणि पुढच्या खाचेत ब्रश घातला.

मग महिनाभर फरशी तशीच उघडी ठेवली. प्लॅस्टिकचा चौकोन कोरडा निघाला त्या दिवशी त्यांनी पातळ मॅट कोट मारला. वाळूपेक्षा बारीक, पिठापेक्षा जाड अशी भुकटी त्यात मिसळली होती. वाळल्यावर सासूबाईंना अनवाणी चालवलं. त्यांनी दोन जागी पाय घासून बघितला आणि नापास केलं. "हितं निसरतंय. आणि त्या तिथं." आप्पांनी मुकाट्यानं त्या दोन जागा पुन्हा केल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाई काठी भिंतीला टेकवून, काठीशिवाय, खाटेपासून व्हरांड्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"शेणानं सारवल्यागत लागतंय," त्या म्हणाल्या.

आप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. हॉटेलवाल्यांनी, फार्म हाऊसवाल्यांनी त्यांचं एवढं कौतुक केलं असेल, पण त्यांचा चेहरा असा उजळलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर सासूबाईंनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. मनगट अजून दुखत होतं तरी स्वतः लाटल्या. डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "कट्ट्यावर त्येच्या हातात देऊन येऊ नगंस. बायकूच्या हातात दे. घरात बाईमाणूस हाय का न्हाय बघून तरी यी."

शाळेतून येताना चारच्या सुमाराला मी गेले. कट्ट्यावर कुणी नव्हतं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली तेव्हा आतून आवाज आला, "या की आत. हे पेठंत गेल्यात. चपला डाव्या अंगाला काढा, भितीकडंला."

मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. आरसा नव्हता. चमक तर औषधालाही नव्हती. कॉलनीतल्या कुठल्याही घरात इतकी निस्तेज फरशी नसेल. राखाडी रंग, आणि त्यावर काय काय उमटलेलं. दारापासून आतपर्यंत जाड दोरखंडाच्या पिळाची एक लांब पट्टी. एका बाजूला तरटाच्या विणीचा चौकोन. दुसऱ्या दाराशी सुपाच्या पाठीसारखी नक्षी. शोभेसाठी कुणी असं करणार नाही. एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

शालनकाकू खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. बारीक चणीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. माझ्याकडे बघून हसल्या. म्हणजे मला तसं वाटलं. त्यांचा चेहरा माझ्या थोडा डावीकडे वळलेला होता. खिडकीत डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या.

"बाई न्हवं तुमी? शाळंतल्या? आवाजावनं वळीखलं. बसा. खुर्ची हाय तिथंच बसा, सरकवू नगासा."

मी पर्स खाली ठेवून बसले. डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि पोळ्या बोटांनी मोजल्या. तोवर मला कळलेलं होतं.

त्यांनीच सांगितलं. चांगल्या शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. गडहिंग्लजला असताना काचबिंदूनं डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि नजर कडेकडेनं विझत आली. त्या घरातली फरशी म्हणजे आप्पांचा दिमाख होता. सात कोट. गिऱ्हाईकांना ते नमुना म्हणून घरी आणून दाखवायचे. एके दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातून पाण्याची कळशी घेऊन निघाल्या आणि घसरल्या. खुबा मोडला. आठ महिने अंथरुणावर काढले.

"मी दवाखान्यात आनि हे घरात मशीन घिऊन. तीन दिस समदी फरशी घासून काढली. कुणाला हात लावू दिला न्हाय. नुसती धूळ. आमचा दीर म्हणला, आरं येडा का खुळा, आता कुणासाठी घासतुयास? तर बोलंनात. मग डॉक्टर जवळ पायजे म्हणून हितं आलो. आनि ही केली."

"ही म्हणजे..." मी खाली बघितलं.

"अक्षरं म्हणत्यात त्येंना हे. कासरा दाबलाय बघा हितं, आमच्या बैलांचा. कासऱ्यावनं गेलं की सैपाकघर. तरट लागलं की देवघर. सूप आलं की परसदार. आनि पायाला रवा लागला की न्हाणीघर." त्या हसल्या. "समदं मी निवडून दिलंया. वरचं औषध लई पातळ मारत्यात. जाड मारलं की अक्षरं बुजत्यात, मग मला वाचाय येत न्हाय."

मग त्यांनी तेही सांगितलं, जे विचारायचं मला सुचलं नव्हतं. एकदा कुणी पाहुण्यांनी बॅग वाटेवर ठेवली आणि त्या अडखळल्या. तेव्हापासून आप्पांनी माणसांना आत घेणं बंद केलं. "माणसांला काय, ध्येनात ऱ्हात न्हाय. आनि हळहळ करत्यात येऊन. ती मला नगं, त्येस्नी तर त्याहून नगं."

लसणाच्या साली त्यांनी एकत्र केल्या. बोटं थांबली.

"पर त्या घरातली फरशी लई गुणाची हुती हो बाई. शेवटी शेवटी मला माणसांची तोंडं दिसायची न्हाईत, पर सकाळी खिडकीतलं ऊन फरशीवर पडायचं त्ये दिसायचं. पाण्यावानी हालायचं. मी बघत बसायची." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्येंला न्हाय मी सांगितलं कवा. काढली त्ये बरंच केलं. च्या टाकते, बसा."

मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्या उठल्या. उजवं पाऊल पुढं टाकून अंगठ्यानं कासरा शोधला, सापडल्यावर दुसरं पाऊल ठेवलं. त्याच वेळी मला दारात हालचाल जाणवली. आप्पा उभे होते. अनवाणी, दोन्ही चपला हातात धरलेल्या. कधी आले होते कोण जाणे. मला बघून ते दचकले नाहीत की रागावले नाहीत. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते तिच्या पावलांकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ पाऊल मोजल्यासारखे हलत होते.

मग माझ्याही नजरेला ते पडलं. माझी पर्स. मी ती खुर्चीशेजारी ठेवली होती, नेमकी कासऱ्यावर. शालनकाकू तिच्यापासून तीन पावलांवर होत्या. मी तोंड उघडलं. आप्पांनी बोट ओठांवर ठेवलं. तो दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस चवड्यांवर दोन ढांगांत आत आला, तिच्यासमोर वाकला आणि पर्स उचलून छातीशी धरली. तिच्या साडीचा काठ त्यांच्या बोटांना घासून गेला असेल. ते तसेच वाकलेले, श्वास कोंडून. तिचं पाऊल जिथं पर्स होती तिथंच पडलं. ती पुढं गेली. वळली. स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून आत गेली.

आप्पांनी श्वास सोडला. पर्स माझ्या मांडीवर ठेवली. जे लिंबाच्या थेंबासाठी अख्ख्या हॉटेलला धारेवर धरतात, त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी जराही राग नव्हता. थकवा होता फक्त. रोजचा असावा असा.

आतून स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग कपबश्या काढल्याचा. एक. दोन. थोडं थांबून, तिसरी.

माझ्यासाठी आणि काकूंसाठी दोन पुरल्या असत्या.

आप्पांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते आल्या वाटेनं चवड्यांवर दारापर्यंत मागे गेले, हातातल्या चपला भिंतीकडेला धपकन टाकल्या, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "आलो गं!"

"आलासा व्हय?" शालनकाकू आतून म्हणाल्या. "बसा. बाई आल्यात बघा."